उंबऱ्यावरचा हुलगा

१

गेणबाला विहिरीतून वर काढलं तेव्हा त्याच्या पायात एकच वहाण होती. दुसरी काठावर होती. सरळ, टाच विहिरीकडं करून, कुणीतरी नीट ठेवल्यासारखी.

पाय घसरला म्हणे. घसरणारा माणूस एक वहाण काढून, नीट ठेवून मग घसरतो का, हे विचारायला गावात एकाचीही जीभ उचलली नाही. भीमेकाठची कोरडेवाडी, वडगाव रासाईपासून कोसभर. अख्खी वाडी विहिरीभोवती उभी होती आणि अख्खी वाडी स्वतःच्या पायांकडं बघत होती.

चांदबी मणेरीण बायांच्या घोळक्यात होती. गेणबाची बायको धुरपदा रडत नव्हती. तिच्या हातात संक्रांतीला चांदबीनं भरलेल्या हिरव्या बांगड्या अजून होत्या. सांजपर्यंत त्या राहणार नव्हत्या.

"चांदबी," धुरपदा पुटपुटली, "काल आमच्या उंबऱ्यावर हुलगा व्हता."

हुलग्याचा एक दाणा. रविवारी तो दगडाबाईच्या उंबऱ्यावर आला आणि सोमवारी तिची कडब्याची गंज जळाली. मंगळवारी अनसाबाईच्या उंबऱ्यावर आला आणि बुधवारी पहाटे तिची गाभण म्हैस तोंडाला फेस येऊन पडली. बुधवारी गेणबाच्या उंबऱ्यावर. आज गुरुवार.

"त्यो भ्याला न्हाई गं," धुरपदा म्हणाली. "चावडीवर जाऊन म्हनला, ह्यो माझाच हुलगा हाय, मीच टाकलेला, पुन्यांदा टाकीन."

तिनं मूठ उघडली. दाण्याला तांबड्या मातीचा हात लागलेला होता. चांदबीनं तो नाकाशी नेला. गेणबाच्या घरचा हुलगा तांबड्या मातीत घोळून ठेवतात. साऱ्या वाडीत फक्त त्याच्याच घरी.

दाणा कुणी बाहेरून आणलेला नव्हता. गेणबाचा दाणा गेणबाला परत केला होता.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "चांदबी, पळ! तुझ्या भावाला फौजदारानं धरला!"

२

शेखलाल चांदबीपेक्षा आठ वर्षांनी लहान. दौंडला मोडीत निघालेला लाऊडस्पीकर त्यानं घेतला, रेल्वेच्या एका फिटरकडून दुरुस्त करायला शिकला आणि लग्नाकार्यात बॅटरीवर वाजवून पोट भरू लागला. सणसणीत आवाज आणि नरम स्वभाव.

त्याला फौजदारानं का धरला ते समजायला मागचा गुरुवार सांगायला हवा.

एकोणसाठ सालची ही पंचायतीची निवडणूक. एका बाजूला हौसराव पाटील. नदीवरचा पंप त्याच्या हातात, म्हणजे पाणी त्याच्या हातात, म्हणजे गाव त्याच्या हातात. दुसऱ्या बाजूला भिमाजी, दौंडच्या लोकोशेडमध्ये बारा वर्षं कोळसा ओढून परत आलेला. आणि मध्ये शाळेचा जालिंदर मास्तर, ज्याच्या डोक्यात एक किडा शिरला होता. दोघांना एका फळीवर बसवायचं, एकमेकांना प्रश्न विचारू द्यायचे, गावानं ऐकायचं. आणि ऐकून माणसाचं मत खरंच फिरतं का, ते मोजायचं.

"आपापल्या घरून दोन दाणे ज्वारीचे आणा, दोन हुलग्याचे," मास्तरनं दवंडी दिली होती. "पाटलांना ज्वारी, भिमाजीला हुलगा. सभेआधी एका मडक्यात एक दाणा टाका, सभेनंतर दुसऱ्या मडक्यात एक. मूठ झाकून. कुणाला दिसायचं न्हाई."

पहिलं मडकं तिथंच मोजलं. ज्वारी दीडशे, हुलगे ब्याण्णव. पाटील हसला होता.

मग दोन तास भाषणं झाली. भिमाजीनं पंपाचा हिशेब मागितला, पाटलानं देवळाचा कळस दाखवला. माणसं विड्या ओढत बसली, बाया लेकरं पाजत बसल्या. कुणी फिरलंबिरलं नाही. सभा संपली, पाटील खाली बसला. शेजारी पुतण्या सोपाना. त्यानं कानात काहीतरी विचारलं. आणि शेखलालनं चिंचेवर बांधलेल्या भोंग्यातून पाटलाचा आवाज नदीपार गेला:

"फिरत्यात कुठं? जनावरं दिसभर कुठंबी चरूंद्यात, सांजच्याला दावणीलाच येत्यात."

माईक चालू होता.

कुणी ओरडलं नाही. माणसं उठली आणि दुसऱ्या मडक्यात एकेक दाणा टाकून घरी गेली. तेव्हा ज्वारीची काढणी होती, घाई होती, म्हणून मडकं शुक्रवारी सांजच्याला मोजायचं ठरलं. तोवर ते चावडीत शेखलालच्या राखणीला. ना तो कुणाच्या भावकीतला, ना कुणाच्या बांधावरचा. शुक्रवारी दुपारी तो जुम्म्याच्या नमाजाला गेला, हे साऱ्या गावाला ठाऊक असलेलं जाणं. आला तर मडकं नव्हतं.

"मडकं त्याच्या ताब्यात, गेलं त्याच्या ताब्यातनं," फौजदार चांदबीला म्हणाला. "दाणे त्याच्याजवळ. दुसरं कोण वाटणार? आता तर खून झालाय बाई."

शेखलालच्या हातात दोरी होती. "आपा," तो एवढंच म्हणाला, "मैं नहीं."

"मला ठावं हाय रे."

गाडी शिरूरकडं गेली. सोमवारी मतदान. त्याआधी खरा माणूस सापडला नाही तर मणेऱ्याच्या पोराला कोण विचारतो? फासाला कुणीतरी लागतं. गरिबाची मान मापाची असते.

३

मास्तर शाळेच्या पायरीवर डोकं धरून बसला होता.

"मास्तर, घरनं दाणं आणा म्हनून कुणी सांगितलं हुतं तुमाला?"

"म्हणजे?"

"एका पोत्यातलं वाटलं असतं तर हे झालं नसतं. आवं, कीड लागू नये म्हनून दगडाबाई हुलगा राखंत ठेवती. अनसा एरंडेल चोळती. गेणबाची तांबडी माती. तुमी झाकलेल्या मुठीत माणसाचं नाव घालायला लावलंत!"

मास्तर पुस्तकं वाचलेला माणूस, पण हुलगा कणगीत कसा राहतो ते त्याच्या पुस्तकात नव्हतं. "मला वाटलं चोरानं निकाल दाबायला मडकं नेलं."

"निकाल दाबायचा तर नदीत फेकलं असतं. त्यानं वाचाया नेलं."

तिथून ती भिमाजीकडं गेली. त्याच्या अंगणात आठ-दहा माणसं बसायची, आज एकही नव्हतं. तो एकटाच कुऱ्हाड मांडीवर घेऊन बसला होता.

"माझ्यावर वहीम हाय व्हय तुझा?" तो गुरगुरला. "मी कशाला माझीच माणसं मारू?"

"गाव पेटलं तर मतं पडत्यात, म्हनून."

"गाव पेटलं तर मतं पडत न्हाईत, चांदबी. बघ की अंगण. काल धाजणं सांगून गेली, दादा, सोमवारी आम्ही पाव्हण्याकडं जातो. दगडाबाई तर लेकीकडं कवठे येमाईला निघाली हाय. माणसं फिरली व्हती गं. त्या भोंग्यानं फिरवली. आता भ्यानं परत फिरवतंय." त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. "पण मला एक सांग. दाणा बघून घर सांगणारं माणूस वाडीत हाय कोण? मी शेतकरी, मला न्हाई कळत. हौसराव तर दुसऱ्याच्या दाण्याला शिवत न्हाई. कोण हाय?"

दारोदार जाऊन बांगड्या भरायच्या आणि बदल्यात चिपटंभर दाणे घ्यायचे, हा चांदबीचा तीस वर्षांचा धंदा. कुठल्या घरचा दाणा कसा, हे तिच्या बोटांना ठाऊक. तिच्याशिवाय कुणालाच नाही.

४

भर दुपारी गल्लीत ती एकटी चालत होती. सारी वाडी काढणीला रानात. दारं लोटलेली, कुत्रीसुद्धा सावलीला मेल्यागत पडलेली. प्रत्येक उंबरा तिच्याकडं बघत होता. दाणा ठेवणारा याच वेळी येत असणार. रात्रीची गरजच नाही. सुगीची दुपार रात्रीपेक्षा रिकामी.

आणि चालता चालता तिला शनिवार आठवला.

पाटलाच्या ओट्यावर ती बांगड्या भरत होती. पाटलाची बायको झुंबरबाई सुपात मूठभर हुलगे घेऊन आली. "लई बाता मारतीस गं चांदबी, डोळं मिटून घर सांगीन म्हनतीस. सांग बघू." बाया गोळा झाल्या. आणि ही शहाणी, डोळे मिटून, एकेक दाणा नाकाशी नेऊन सांगत सुटली. ह्यो दगडाबाईचा. ह्यो अनसाचा. ह्यो गेणबाचा. आणखी तीन घरं. बायांनी टाळ्या पिटल्या. पैज जिंकली म्हणून गुळाचा खडा मिळाला. तो तिनं तिथंच, हसत हसत चघळला होता.

तीच घरं, तोच क्रम. दगडाबाई, अनसाबाई, गेणबा.

गेणबाला पाटलानं मारलं असेल. पण त्याच्या घराकडं बोट चांदबीनं दाखवलं होतं.

अजून तीन घरं उरली होती. आणि अजून काहीतरी होतं. सातवा दाणा. तो तिनं उचलला, नाकाशी नेला, तोंड उघडलं, आणि झुंबरबाईनं झटक्यात सूप ओढून घेतलं होतं. "पुरं आता, म्हशीचं पाणी ऱ्हायलं."

कसला वास होता त्याला?

५

शुक्रवारी सकाळीच ती बांगड्यांची टोपली घेऊन पाटलाच्या दारात गेली. मणेरणीला कुठल्याही दारात जायला कारण लागत नाही.

"वैनी, हात मोकळं दिसत्यात. चार भरू का?"

झुंबरबाईनं नाही म्हणायच्या आत तिचा हात चांदबीच्या हातात होता. मणेरीण हात दाबते, अंगठा आत मुडपते, बांगडी चढवते. हात सैल असला तर बांगडी पाण्यासारखी जाते. माणूस भ्यालेला असला तर हाडं ताठतात. तोंड खोटं बोलतं, हात बोलत नाही.

"पाऊस बरा झाला यंदा," चांदबी म्हणाली. पहिली बांगडी गेली.

"व्हय."

"गेणबाचं वाईट झालं." दुसरी अडखळत गेली.

"...व्हय."

"वैनी, त्ये मडकं तुमच्या दाण्याच्या बळदात हाय न्हवं?"

कट् आवाज झाला. काचेचे दोन तुकडे मांडीवर पडले.

"बांगडी वाढली," झुंबरबाई कशीबशी म्हणाली. तिच्या मनगटावर रक्ताचा बारीक थेंब आला होता. "चांदबी, मालकांनी सांगितलं, इचार म्हनून, तवा इचारलं. हे असं व्हईल ठावं न्हवतं गं. देवाशप्पत न्हवतं."

ती वाकली तसा तिच्या पदराचा वास आला. उग्र, कडवट. वेखंड. नातवंडांसाठी उगाळलेलं, कपड्यांत ठेवलेलं, आणि कणगीत घातलेलं. साऱ्या वाडीत दाण्यात वेखंड घालणारं एकच घर.

"सातवा दाणा तुमचा हुता वैनी," चांदबी पुटपुटली. "तुमी हुलगा टाकलात."

झुंबरबाईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "तीस वर्सं ह्या घरात हाय. भोंग्यातनं आवाज आला तवा मला वाटलं, दावणीचं म्हनत्यात त्ये मलाच म्हनत्यात. मूठ झाकलेली व्हती, चांदबी. जल्मात पयल्यांदा माझी मूठ झाकलेली व्हती..."

"काय चाललंय?"

दारात हौसराव उभा होता.

तो सावकाश आत आला, कोनाड्यातून एक चिमटीभर कागदाची पुडी काढली आणि चांदबीपुढं धरली. "बरी आलीस. ह्यो एक सांगायचा ऱ्हायला तुझा. आमची मंडळी म्हनती कळंना. तू सांग."

पुडीत एकच दाणा. झुंबरबाईनं भिंत धरली.

"ऐकतीस का? कुणाचा?"

चांदबीनं दाणा उचलला. एका शब्दानं ही बाई मरत होती. दुसऱ्या कुठल्याही शब्दानं दुसरं कुठलंतरी घर.

"माझा," ती म्हणाली.

पाटील दाणा हुंगू लागला. त्याच्या कपाळावर आठी आली. "वेखंड हाय ह्याला. वेखंड आमच्या घरात असतं." आणि त्याची मान हळूहळू बायकोकडं वळली.

"व्हय की पाटील," चांदबी घाईनं म्हणाली. "मला कुठं शेत हाय? दिवाळीला वैनींनी बांगड्यांपायी चिपटंभर हुलगा दिला, त्यातलाच मी टाकला. माझ्या पिशवीत साऱ्या गावाचा दाणा असतोय."

मान थांबली. पाटील तिच्याकडं बघून हसला. "भाव भोंगा चालू ठेवतो आन् भण आमचाच दाणा आमच्यावर टाकती. बरं झालं सांगितलंस. जा घरला."

तो नुसता हसला असता तर ती भ्याली नसती. जाताना त्यानं तिची टोपली स्वतः उचलून तिच्या डोक्यावर ठेवली.

६

गेणबाच्या मरणानं चावडीवर एक हवालदार बसवला होता. मास्तर चांदबीला घेऊन त्याच्याकडं गेला.

"उंबऱ्यावर हुलगा ठेवणारा दाखवती म्हनता?" हवालदार हसला. "आन् त्यासाठी मी बाईच्या घरात बांगड्यांच्या टोपल्यामागं बसू? गाव काय म्हनंल, मास्तर? हवालदार चुडा भराया गेला?"

"साहेब," चांदबी म्हणाली, "माझा भाव शिरूरला तुमच्याच कोठडीत हाय. आता माझ्या दारात दाणा आला, तर त्यो त्यानं ठेवला का?"

हवालदाराचं हसू आटोपलं. त्यानं टोपी घातली.

शनिवारी दुपारी तिघं आत बसले. दार लोटलेलं, फळीच्या फटीतून उंबऱ्यावर उन्हाची एक पट्टी. बाहेर कावळासुद्धा नाही. तेवढ्यात वहाणांचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. उन्हाच्या पट्टीवर सावली पडली.

एक हात खाली आला. दोन बोटांत दाणा. देवाला फूल वाहावं तसा त्यानं तो उंबऱ्याच्या मधोमध ठेवला.

हवालदारानं मनगट धरलं तेव्हा चांदबीच किंचाळली. सोपाना होता. पाटलाचा पुतण्या. मुंडाशाच्या पदरात आणखी तीन दाणे निघाले. चांदबीनं ते हातावर घेतले आणि गेल्या शनिवारी सांगितलेली उरलेली तीन घरं एका दमात सांगितली.

"गेणबाची वहाण," मास्तर दाराआडून ओरडला, "ती कुणी नीट ठेवली रे?"

सोपाना पंचवीस वर्षांचा. अंगानं रेडा, काळजानं पोर. "मी न्हाई!" तो भडाभडा बोलू लागला. "मी नुसता पाय धरला. वहाण माझ्या हातात आली. काकानं ढकलला. मी वहाण... मी ती ठेवली..."

"पोरगं घाबरून बरळतंय." हौसराव गल्लीच्या तोंडाशी उभा होता. आरडाओरडा ऐकून रानातली माणसं जमली होती, पण त्याच्यापुढं एकही नव्हता. "मडकं कुठाय? दावा. बाकी सगळी मणेरणीची थापेबाजी."

खरं होतं. मडक्याशिवाय काय होतं? हुलग्याचे चार दाणे आणि एका बाईचं नाक.

माणसं पुन्हा पायांकडं बघू लागली. आणि मग गर्दी आपोआप दुभंगली.

झुंबरबाई येत होती. डोक्यावर पदर, पदरावर मडकं, जशी रोज नदीवरून पाणी आणते तशी. नवऱ्यासमोरून, त्याच्याकडं न बघता ती गेली आणि मडकं हवालदाराच्या पायाशी ठेवलं.

"आमच्या बळदात व्हतं," ती म्हणाली. "आन् मास्तर, चांदबीच्या दारात ठेवला त्यो दाणा तिचा न्हवं. माझा हाय. मोजताना धरा."

७

मास्तरनं मडक्यातले दाणे मोजले. धुरपदाच्या मुठीतला, दगडाबाईच्या आणि अनसाबाईच्या घरचा, सोपानाच्या मुंडाशातले, उंबऱ्यावरचा, सगळे मिळवून हुलगे एकशे नऊ.

"सतरा माणसं फिरली," मास्तर म्हणाला. गेणबाच्या विहिरीकडं बघून त्यानं मान खाली घातली. "सभेनं मत फिरतं म्हणायचं."

"सभेनं न्हाई," चांदबी म्हणाली. "दोन तासांत एक न्हाई फिरला. भोंग्यातनं पाटील बोलला तवा फिरली."

रविवारी शेखलाल सुटून आला. त्याला भाकरी वाढताना तिनं विचारलंच. "माईक चुकून ऱ्हायला का रे?"

तो खाली बघून जेवत राहिला. "हाताला बटण लागत हुतं, आपा," शेवटी म्हणाला. "मी दाबलं न्हाई."

पण गावाचं भय पाटलाबरोबर गाडीत बसून शिरूरला गेलं नव्हतं. पेटीत चिठ्ठी टाकली तरी कुणीतरी वास घेईल, असं बायांना वाटत होतं. दगडाबाईचं गाठोडं बांधलेलंच होतं.

सोमवारी दिवस उगवला आणि वाडीत किंकाळी उठली. दगडाबाईच्या उंबऱ्यावर हुलगा. मग अनसाबाईच्या. मग शेजारच्या घरी, त्याच्या शेजारी, पार नदीकडच्या गल्लीपर्यंत. एकही उंबरा सुटला नव्हता.

दगडाबाईनं दाणा उचलला आणि हुंगला.

"अगं," ती ओरडली, "ह्यो माझा न्हवं! एरंडेल हाय ह्याला. अनसे, ह्यो तुझा गं!"

"आन् माझ्या दारात तुझ्या राखंचा!" समोरून अनसाबाई.

"आमच्यात गेणबाची माती..."

"आमच्यात वेखंड!"

सारी पिशवी रिकामी करून पहाटे दारोदार फिरलेली चांदबी चावडीच्या पायरीवर बसली होती. ज्याच्या त्याच्या दारात दुसऱ्याचा दाणा. धुरपदा, पांढऱ्या मनगटांची, सगळ्यांत आधी शाळेकडं निघाली. मागून दगडाबाई गाठोडं ओसरीत टाकून. मग एकेक करत गल्ली.

खुनाच्या आरोपात कोठडीत बसलेल्या माणसाला त्या दिवशी एकशे सोळा मतं पडली. हे लिहून ठेवतो, कारण गाव म्हणजे काय ते कळावं. भिमाजीला एकशे पंचवीस. नऊ मतांनी आला.

चांदबी पुढं वीस वर्षं बांगड्या भरत राहिली. कुणी नवी सून सुपात मूठभर दाणे घेऊन यायची, ऐकलेलं असायचं तिनं. "मावशी, तुमाला म्हनं घर कळतं. ह्यो कुणाचा?"

चांदबी दाणा नाकाशी न नेता सुपात टाकायची.

"हुलगा हाय बाई," ती म्हणायची. "हुलग्याला काय नाव असतंय? हात सैल सोड."